फुकट आज्ञावलीचा परवाना

पाण्याचा पंप आपोआप बंद करणाऱ्या पेटीत नखाएवढा मायक्रोकंट्रोलर असतो. त्याची आज्ञावली पुष्कळदा फुकट मिळते. पण फुकट म्हणजे बेवारशी नव्हे! जीपीएल परवाना बजावतो, की आमची आज्ञावली घालून पेटी विकाल, तर तिला जोडलेली तुमचीही गिऱ्हाइकाला उघडी करा. मोठ्या संगणकात दोन्ही निराळ्या ठेवता येतात. या चिमुकल्या चिपेत मात्र दुधात विरजण पडावे तशा एकजीव होतात. मग पेटी विकणाऱ्या गरीब कारागिराने करावे काय? 'फ्रीआरटीओएस'च्या कर्त्याने म्हणूनच जीपीएलला सूट जोडली होती. २०१७ साली ती एमआयटी परवान्याखाली आली. हक्कसूचना व परवान्याचा मजकूर सोबत ठेवला, की झाले. गुरुजी, आर्डुइनो शिकवताना फाइलीच्या माथ्यावरच्या ओळी मुलांकडून वाचून घ्या. मुले नेमक्या त्याच आधी पुसतात.