खाडीवरील तिवरांविषयी दोन शब्द

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी चिखलाविषयी बोलावे हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या वसईच्या पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणेची खाडी. आणि खाडीच्या चिखलात उभे असलेले तिवर हे आपल्या गावांचे जुने राखणदार होत.

तिवराची रचना मोठी नवलाची आहे. त्याची मुळे बोटांसारखी चिखलातून वर येऊन हवा घेतात. भरतीचे पाणी येऊन ओसरत राहिले म्हणजे झाड सुखी. तेच पाणी बांध घालून कोंडले, की कुऱ्हाडीचा एकही घाव न घालता ते गुदमरून मरते. ही युक्ती जमिनीचे दलाल उत्तम जाणतात! याच मुळांच्या आडोशाला कोळंबीची व चिंबोरीची पिले वाढतात. तेव्हा कोळी बांधवांच्या जाळ्यात काय पडावे, याचा पुष्कळसा निकाल तेथेच लागतो.

पृथ्वी तापत आहे. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी चढली. जुलै २०१८ मधील वसईचा पूर आपणांस आठवत असेलच. पावसाच्या पाण्याला पसरावयास सखल जागा लागते. ती भरावाखाली गेली म्हणजे पाण्याने जावे कोठे?

सरकारने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापिला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीस मनाई करून भोवतालच्या ५० मीटरांतही बांधकाम बंद केले. परंतु रात्री मातीने भरून येणारा ट्रक न्यायालयास दिसत नाही, शेजाऱ्यास दिसतो. जमीन विकणारेही परके नव्हेत. कोणास मुलीचे लग्न, कोणास आजारपण. त्यांस दोष देणे मला जड जाते. पण भराव एकाच्या जमिनीत पडतो आणि पाणी दहांच्या घरांत शिरते, हे त्यांस सांगावयास नको काय?

रोपे लावून छायाचित्रे काढण्याची हौस अलीकडे फार. जेथे भरती पोहोचत नाही तेथे तिवराची हजार रोपे लावली तरी सुकतील. बुजलेली वाट मोकळी केली, तर जवळच्या झाडांचे बी भरतीबरोबर येऊन बहुधा आपोआप रुजते.

यास्तव प्रत्येक वाडीने दोन माणसे नेमावी. त्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या बाजूचे ओहोळ व मोऱ्या पाहाव्या, आणि भराव दिसेल तेथे तहसीलदारांकडे व कांदळवन कक्षाकडे लेखी अर्ज करावा. नावे सभा संपताच मजकडे द्यावी.