पुरस्काराची रात्र आणि गाण्याचं नशीब

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



४ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसला ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा झाला. त्या एका दिवशी घडलेल्या दोन गोष्टी मी तुमच्यासमोर शेजारी शेजारी ठेवणार आहे.

पहिली गोष्ट आपल्या जवळची. मुंबईत, माहीमला वाढलेल्या उस्ताद झाकीर हुसेन यांना त्या दिवशी तीन ग्रॅमी मिळाले. बासरीवादक राकेश चौरसिया यांना दोन मिळाले. 'शक्ती' या संगीतसमूहाच्या अल्बमला मिळालेल्या सन्मानात शंकर महादेवनही होते. भारतीय संगीताला इतका मोठा दिवस क्वचितच लाभला असेल. पण अमेरिकेतल्या घराघरांत त्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या प्रेक्षकांना तो दिसला नाही. त्या वर्षी ग्रॅमीचे ९४ विभाग होते आणि मुख्य प्रक्षेपणात त्यातले जेमतेम दहाच्या आसपास पुरस्कार दिले जातात. बाकीचे सगळे आधीच्या समारंभात दुपारीच वाटून होतात. तो समारंभ इंटरनेटवर पाहता येतो, पण कोट्यवधी लोक पाहतात तो कार्यक्रम त्यानंतर सुरू होतो.

दुसरी गोष्ट रात्रीची. मंचावर ट्रेसी चॅपमन आली. साठी गाठत आलेली, अनेक वर्षं प्रसिद्धीपासून दूर राहिलेली गायिका. शेजारी ल्यूक कोम्ब्स, आजचा लोकप्रिय कंट्री गायक. तिच्या १९८८ सालच्या 'फास्ट कार' या गाण्याची त्यानं नव्यानं केलेली आवृत्ती २०२३ मध्ये बिलबोर्डच्या 'हॉट १००' या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली होती. चॅपमननं गिटारवर सुरुवातीचे ते ओळखीचे सूर छेडले आणि सभागृह उठून उभं राहिलं. कोम्ब्सला त्या गाण्यासाठी नामांकन होतं, पण पुरस्कार दुसऱ्याच गायकाला मिळाला. दोघं रिकाम्या हातांनी घरी गेले. आणि काही तासांत चॅपमनचं मूळ ध्वनिमुद्रण आयट्यून्सच्या विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढच्या 'हॉट १००'मध्ये ते ४२व्या स्थानावर पुन्हा दाखल झालं.

एकीकडे पुरस्कार होते आणि प्रक्षेपण नव्हतं, दुसरीकडे प्रक्षेपण होतं आणि पुरस्कार नव्हता. गाण्याला श्रोता मिळवून देण्याची ताकद यातल्या कशात किती आहे, हा माझा आजचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: बक्षिसानं मान मिळतो, पण गाणं माणसांपर्यंत पोचतं ते गायलं गेल्यामुळे. सोहळे भरवणाऱ्यांनी, वाहिन्यांनी आणि आपण श्रोत्यांनीही हे गांभीर्यानं घ्यायला हवं.

असं काही मोजता येतं का, असं तुम्ही विचाराल. येतं, पण फार पूर्वीपासून नाही. १९९१ पर्यंत बिलबोर्डच्या याद्या दुकानदारांना विचारून बनत. काय खपतंय असं तुम्हाला वाटतं, असा तो प्रश्न असे. त्यात दुकानदाराची आवड आणि रेकॉर्ड कंपनीचा आग्रह दोन्ही मिसळत. मे १९९१ पासून 'साउंडस्कॅन' आलं, दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड वाचून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. सोहळ्याच्या रात्रीचा परिणाम त्याच आठवड्याच्या आकड्यांत दिसू लागला. आपल्याकडे १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानी 'बिनाका गीतमाला' सादर करत. रेकॉर्डच्या दुकानांतला खप आणि श्रोतासंघांची पत्रं यांवर ती उतरंड ठरत असे. तिनं पिढ्यांना आनंद दिला. पण अमुक रात्री गायलेल्या गाण्याची दुसऱ्या दिवशी किती विक्री झाली, हे तिच्यावरून कळणं शक्य नव्हतं.

आता सगळ्यात स्वच्छ उदाहरण घेऊ. १५ फेब्रुवारी २०११, लंडन, ब्रिट पुरस्कार. दिवे, नर्तक, आतषबाजी यांनी भरलेल्या कार्यक्रमात ॲडेल फक्त पियानोच्या साथीनं 'समवन लाइक यू' गायली. त्या वर्षी तिला एकही ब्रिट मिळालं नाही. गाणं तेव्हा ब्रिटनच्या यादीत ४७व्या क्रमांकावर होतं. सोहळा मंगळवारी झाला आणि त्या रविवारी जाहीर झालेल्या यादीत ते पहिलं होतं. त्या काळी ब्रिटनच्या यादीत स्ट्रीमिंग धरलं जात नव्हतं. ते २०१४ मध्ये आलं. म्हणजे ४७ वरून १ वर नेणारा प्रत्येक आकडा हा कुणीतरी पैसे मोजून घेतलेली प्रत होती. त्याच वर्षी २८ ऑगस्टला एमटीव्हीच्या सोहळ्यात तिनं तेच गाणं तसंच गायलं, आणि अमेरिकेच्या 'हॉट १००'मध्ये ते १९ वरून १ वर गेलं. देश दोन, मंच दोन, श्रोते वेगळे. गाणं, गळा आणि परिणाम तोच. एकदा घडलं असतं तर योगायोग म्हणता आलं असतं.

ट्रेसी चॅपमनच्या बाबतीतही हे दुसऱ्यांदाच घडत होतं. ११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठी मैफल झाली. तो पुरस्कार सोहळा नव्हता, पण साठहून अधिक देशांत दिसत होता. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. चॅपमन दिवसा आपली गाणी गाऊन गेली होती. संध्याकाळी स्टीव्ही वंडर यांची वेळ आली, आणि त्यांच्या वाद्याची, ज्यात सगळं संगीत साठवलं होतं ती डिस्क सापडेना. मोकळी वेळ भरायला चॅपमनला पुन्हा पाठवलं. चोवीस वर्षांची मुलगी, हातात एक गिटार, समोर मैदानभर माणसं. त्यानंतर तिचा पहिलावहिला अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला, आणि 'फास्ट कार' अमेरिकेत सहाव्या स्थानापर्यंत पोचलं. जवळपास ३६ वर्षांनी दुसऱ्या एका रात्री त्याच गाण्यानं तेच करून दाखवलं.

या दोन रात्रींत समान काय? तिच्या हाती गिटार होती, गाणं सलग गायलं गेलं, आणि ज्यांनी तिला कधी शोधलं नसतं असे लाखो लोक त्या क्षणी दुसऱ्याच कशासाठी तरी टीव्हीसमोर बसलेले होते. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. रेडिओ केंद्र ठरावीक चाहत्यांचं असतं. मोबाइलवरचं ॲप तुमच्या आधीच्या आवडीवरून पुढचं गाणं सुचवतं. पुरस्कार सोहळ्यात मात्र रॅप ऐकायला बसलेल्या मुलाला कंट्री ऐकावं लागतं आणि त्याच्या आईला रॅप. आवडीच्या भिंती तेवढ्या तीन तासांपुरत्या खाली येतात. म्हणून या मंचाचा सर्वांत मोठा फायदा आधीच शिखरावर असलेल्याला होत नाही. गाणं तयार आहे, दमदार आहे, पण श्रोत्यापर्यंत पोचलेलं नाही, अशा गायकाला होतो.

ख्रिस स्टेपलटनचं उदाहरण पाहा. नॅशव्हिलमध्ये वर्षानुवर्षं तो दुसऱ्यांसाठी गाणी लिहीत होता. मे २०१५ मध्ये त्याचा 'ट्रॅव्हलर' अल्बम आला, पहिल्या आठवड्यात बरा खपला आणि नंतर 'बिलबोर्ड २००' या अल्बमांच्या यादीबाहेर गेला. ४ नोव्हेंबरला कंट्री म्युझिक असोसिएशनच्या सोहळ्यात त्याला तीन पुरस्कार मिळाले, आणि तो जस्टिन टिंबरलेकबरोबर गायला. टिंबरलेकचे पॉप ऐकणारे चाहते त्या मंचावरून पहिल्यांदा या दाढीवाल्या माणसाचा आवाज ऐकत होते. पुढच्या यादीत 'ट्रॅव्हलर' बाहेरून थेट पहिल्या क्रमांकावर आला. त्या आठवड्याचा खप १,७७,००० अल्बमांइतका मोजला गेला, आणि त्यातला मोठा भाग खरोखर विकत घेतलेल्या अल्बमांचा होता. त्यानं त्या रात्री गायलेलं 'टेनेसी व्हिस्की' हे जुनं गाणं पुढे वर्षानुवर्षं ऐकलं जात राहिलं. लाट ओसरल्यावर जे उरतं तेच खरं यश, आणि ते गाण्याच्या अंगी असावं लागतं.

आता माझ्या म्हणण्याची दुसरी बाजूही मांडायला हवी. नुसत्या पुरस्कारानं खप वाढत नाही असं नाही. बॉनी रेट यांचा 'निक ऑफ टाइम' अल्बम १९८९ चा. १९९० चे ग्रॅमी मिळाल्यावर तो पहिल्या क्रमांकावर गेला. लोकसंगीताचा आधार घेतलेला 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' या चित्रपटाचा अल्बम २००२ मध्ये वर्षातला सर्वोत्तम ठरला आणि मग शिखरावर पोचला. पंडित रविशंकर यांची कन्या नोरा जोन्स हिनं २००३ मध्ये पाच ग्रॅमी घेतले, त्याच रात्री ती मंचावर गायलीही, आणि पुढच्या आठवड्यात तिच्या अल्बमच्या ६,२१,००० प्रती गेल्या. अशा ठिकाणी बक्षीस आणि गाणं यांचे वाटे वेगळे करता येत नाहीत.

आकडे वाचताना आणखीही सावध राहावं लागतं. फेब्रुवारी २०१२ च्या ग्रॅमीनंतर ॲडेलच्या '२१' या अल्बमच्या आठवड्यात ७,३०,००० प्रती खपल्या. त्या रात्री तिनं सहा पुरस्कार घेतले आणि घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा ती गायली. पण त्याच आठवड्यात १४ फेब्रुवारीची प्रेमिकांची भेटखरेदी होती. सोहळ्याच्या आदल्या दिवशी व्हिटनी ह्यूस्टन गेल्यामुळे सोहळ्याकडे अधिक लोकांचं लक्ष लागलं होतं, आणि जवळपास चार कोटी प्रेक्षकांनी तो पाहिला. शिवाय रेकॉर्ड कंपन्या अशा आठवड्यासाठी जाहिराती आणि सवलती आधीच तयार ठेवतात. यादीच्या आठवड्याचाही हिशेब असतो. २०१५ पासून बिलबोर्डचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार मोजतात, त्यामुळे रविवारच्या ग्रॅमीचा परिणाम पहिल्या यादीत जेमतेम चार-पाच दिवसांचाच दिसतो. चॅपमनचं ४२वं स्थान असं अर्ध्या आठवड्यात मिळवलेलं होतं.

स्ट्रीमिंगनं चित्र आणखी बदललं. पूर्वी सोहळ्यानंतर दुकानात माल नसला तर विक्री बुडायची, म्हणून कंपन्या आधीच पेट्या भरून ठेवत. डाउनलोडच्या काळात गाणं संपायच्या आत खरेदी होऊ लागली. आता बहुतेक लोक विकत न घेता ऐकतात, आणि यादीत एका अल्बमच्या बरोबरीला शेकड्यांनी-हजारांनी ऐकणी धरावी लागतात. प्रेक्षकही घटले: २०१२ चे चार कोटी २०२१ मध्ये एक कोटीच्या खाली आले, २०२४ मध्ये पुन्हा पावणेदोन कोटींच्या जवळ गेले. तरीही चॅपमनच्या बाबतीत लोकांनी गाणं विकत घेतलं. फुकट ऐकण्याची सोय हाताशी असताना माणूस पैसे मोजतो, तेव्हा तो त्या कलावंताला दाद देत असतो, असं मी मानतो.

मंचाची किंमत एवढी असेल, तर तिथे कोण गाणार हे ठरवणारा फार मोठा अधिकार हाती धरतो. म्हणूनच झाकीरभाईंच्या तीन ग्रॅमींकडे पाहून मला अभिमानाबरोबर खंतही वाटते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपण त्यांना गमावलं. त्या रात्री चार मिनिटं जरी तबला आणि बासरी त्या मंचावर वाजली असती, तर मराठवाड्यातल्या घरापासून न्यू जर्सीतल्या घरापर्यंत किती मुलांनी दुसऱ्या दिवशी ते वादन शोधून ऐकलं असतं! पुरस्कारानं त्यांचं काम गौरवलं. त्या कामाला नवा श्रोता मिळायची संधी मात्र हुकली.

हा अधिकार गायकाच्या बाजूनं कसा वापरावा, हे आपल्या मातीतल्या एका बाईनं फार पूर्वी दाखवलं. १९५७ मध्ये 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर मिळालं. सोहळ्यात लता मंगेशकरांनी 'रसिक बलमा' गावं, अशी जयकिशन यांची इच्छा होती. लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, गायकाला आणि गीतकाराला नाही. मग गाणं गायकाशिवाय वाजवून घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आवाजाविना ते गाणं काय उरेल, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. १९५९ च्या सोहळ्यापासून पार्श्वगायनाचा आणि गीतलेखनाचा पुरस्कार सुरू झाला. गायनाचा पहिला 'मधुमती'साठी लताबाईंनाच मिळाला, गीताचा पहिला शैलेंद्र यांना. सोहळा गाण्यावर उभा असतो आणि गाणं गाणाऱ्यावर, हे त्यांनी त्या नकारातून सांगितलं.

पण त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांत आपले टीव्हीवरचे सोहळे कुठल्या वाटेनं गेले? बहुतेक वेळा ध्वनिमुद्रित गाण्यावर नट-नट्या नाचतात. तीन-चार गाण्यांचे मुखडे जोडून मिश्रण करतात, अंतरा गाळतात. ज्याचा आवाज आहे तो प्रेक्षकांत बसून पडद्यावर स्वतःचं गाणं ऐकतो. नाचाला माझा विरोध नाही. तीही कला आहे. पण अशा सादरीकरणानंतर नव्या गायकाचं नाव शोधत कुणी ॲपवर जात नाही, कारण त्याचा चेहरा कुणी पाहिलेलाच नसतो. मराठीत आज नवे आवाज, नवे गीतकार, लोकसंगीतातून आलेले शाहीर आहेत. त्यांच्या गाण्यात उणीव नाही. सगळा महाराष्ट्र एकत्र बसलेला असताना अख्खं गाणं गायची जागा त्यांना मिळत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मराठी वाहिन्यांनी आपल्या प्रत्येक मोठ्या सोहळ्यात निदान दोन गाणी मूळ गायकाकडून, प्रत्यक्ष वादकांच्या साथीनं, मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत गाऊन घ्यावीत. पडद्यावर गायक, गीतकार आणि संगीतकार तिघांची नावं ठळक द्यावीत. आणि आपण श्रोत्यांनी, गाणं आवडलं तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तुकड्यावर न थांबता ते अधिकृत जागी जाऊन ऐकावं, शक्य असेल तिथे विकत घ्यावं. कलावंताच्या वाट्याला काय जातं, ते तिथेच ठरतं. ॲडेल, स्टेपलटन, चॅपमन यांच्या आकड्यांनी एक गोष्ट सिद्ध केली आहे: चांगलं गाणं नीट ऐकवलं तर लोक त्याला दाद देतात, आणि पैसे मोजूनही देतात. आपले श्रोतेही याहून वेगळे नाहीत. त्यांना अख्खं गाणं ऐकवायचं धाडस आता सोहळे भरवणाऱ्यांनी करावं.