बायांचं झालं, बाप्यांचं काय?

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, शिरूर आणि दौंड तालुक्यांतून आलेल्या आशाताई, अंगणवाडी सेविका, सिस्टर, डॉक्टर मंडळी, सरपंच-सदस्य, आणि आत खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशीच उभे राहिलेले माझे गावकरी,

कुटुंब नियोजनावरच्या या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीनं आपलं सणसवाडीत मनापासून स्वागत. पुणे-नगर रस्त्यावरच्या सकाळच्या गर्दीतून आपण वेळेवर पोचलात, हेच मोठं. सरबराईत काही उणं राहिलं असेल तर पदरात घ्या.

स्वागताध्यक्षानं गावचा महिमा सांगायचा असतो. आमचा महिमा साधा आहे. बाजरी-ज्वारीचा हा मुलूख. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने आले, पुढं रांजणगावला एमआयडीसी झाली, आणि मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश इथून तरणी पोरं कामाला येऊ लागली. ज्याच्याकडे दोन गुंठे होते त्यानं खोल्या काढल्या. गाव फुगलं. पाणी पुरेना, कचरा मावेना, शाळेत बाक कमी पडू लागले. मग कट्ट्यावरचे जाणते म्हणू लागले, ‘लोकांना पोरंच फार होतात.’ आमचं गाव पाळण्यानं वाढलं नाही, पगारानं वाढलं. भाडं घेताना ही माणसं जड होत नाहीत, नळाला पाणी कमी आलं की होतात, एवढंच.

याचा अर्थ लोकसंख्येची चिंता खोटी असा नाही. १९२७ च्या सुमारास जगात २०० कोटी माणसं होती. १९७४ ला ४०० कोटी झाली, आणि १५ नोव्हेंबर २०२२ ला संयुक्त राष्ट्रांनी ८०० कोटींचा आकडा जाहीर केला. पुढच्याच वर्षी आपण चीनला मागं टाकलं. वाढीचा वेग मात्र मंदावला आहे. १९६० च्या दशकात तो वर्षाला दोन टक्क्यांवर गेला होता, आज एक टक्क्याच्या खाली आहे.

त्याच १९२७ साली मुंबईत र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. संततिनियमनाचं केंद्र तर त्यांनी १९२१ लाच उघडलं होतं. या कामापायी त्यांची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनं पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो सभागृहानं फेटाळला. शकुंतलाबाई परांजपे याच काळात या कामात उतरल्या आणि वर्षानुवर्षं राबल्या. सरकारनं कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला १९५२ मध्ये. आपल्या माणसांनी त्याच्या तीस वर्षं आधी सुरुवात केली होती, शिव्या खात.

आज महाराष्ट्रात काय आहे? १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाईमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ च्या पाहणीत १.७. दोन पिढ्यांची बरोबरी व्हायला २.१ लागतात, म्हणजे आपण त्याच्याही खाली आलो. तरी डोकी वाढत राहतील, कारण आज मूल होण्याच्या वयातल्या मुलींची संख्याच मोठी आहे. ‘लोक ऐकत नाहीत’ हे रडगाणं मात्र आता बंद करायला हवं. लोकांनी ऐकलं. खरं बोलायचं तर बायांनी ऐकलं.

२०१९-२१ च्याच पाहणीत राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण शंभरात एकसुद्धा नाही. बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि तपासणी करून घ्यायची. बाईची शस्त्रक्रिया याहून मोठी, तिला जोखीमही जास्त. तरी घरात ठरतं ते असं, ‘तूच करून घे, मला कामावर जायचंय.’ जणू बाई खुरपायला, धुण्याला, कंपनीत पॅकिंगला जातच नाही!

पुरुषांच्या मनातल्या भीतीला कारण आहे, ते लपवू नये. आणीबाणीत, जानेवारी १९७६ मध्ये बार्शीत माणसं रस्त्यावरून ट्रकमध्ये घालून नसबंदीला नेली. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी राहिलं. त्या एका वर्षात देशभर साठ लाखांवर पुरुषांची नसबंदी झाली आणि १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी हिशेब चुकता केला. तेव्हापासून पुढारी पुरुषांपुढं हा विषय काढायला धजत नाहीत, आणि सगळा भार गुपचूप बायांवर सरकला.

सक्तीची आपली हौस तरी कुठं फिटली? १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीचं सदस्यत्व जातं. नियम सर्वांना सारखा. पण तिसरं मूल हवं की नको हे ज्या घरात सासू आणि नवरा ठरवतात, तिथं पद जातं सूनबाईचं.

परिषदेपुढं माझं मागणं थोडं आहे. खोल्यांमधून राहणारी परगावची सून एका वर्षात दोन घरं बदलते. तिचं नाव ना माहेरच्या यादीत, ना आमच्या. तिला ऑपरेशन नको असतं, दोन मुलांत अंतर हवं असतं. तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी तिच्या दारात पोचेल असं काही ठरवा. राज्यात अजून पाचातल्या एका मुलीचं लग्न अठराच्या आत उरकलं जातं, त्यावरही बोला. आणि पुरुषांना आरोग्य केंद्रात बोलावत बसू नका, ते येणार नाहीत. पाळी सुटते तेव्हा कंपनीच्या गेटवर जा.

आज दुपारी पुरुषांसाठी वेगळं सत्र ठेवलं आहे, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तिथं असतील. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाका, नाव घालायची गरज नाही. जेवण दीड वाजता मागच्या मांडवात. आणि दाराशी उभ्या असलेल्या मंडळींनी कृपया आत येऊन बसावं, पुढच्या दोन रांगा आज तुमच्यासाठीच राखल्या आहेत.