एक फेरारी, एक टॅक्सी

(दहावी २००३ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतोस, तर गाड्यांवर दहा मिनिटं बोल. पण सगळ्यांना कळेल असं बोल." म्हणून मी अशी गाडी निवडली आहे, जी आपल्या सगळ्या वर्गाला पाठ होती आणि जिच्यात आपल्यापैकी एकही जण कधी बसला नाही. सचिनची लाल फेरारी.

आपलं दहावीचं वर्ष आठवा. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिनने एकोणतिसावं कसोटी शतक केलं आणि ब्रॅडमनची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मॉडेना भेट दिली. आपला संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ती त्याला मिळाली. त्याच वर्षी 'नीड फॉर स्पीड: हॉट पर्स्युट २' हा गेम आला आणि त्यात याच गाडीची उघड्या टपाची बहीण होती, ३६० स्पायडर. पाच रस्त्याजवळच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन आपण ती चालवली. एका खुर्चीवर दोघं, एकाकडे ॲक्सिलरेटरचं बटण, दुसऱ्याकडे वळणाचं. मार्चमध्ये एकीकडे बोर्डाची परीक्षा आणि दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेतला वर्ल्डकप. सचिनने त्यात ६७३ धावा केल्या. आपले मार्क काढायची आज गरज नाही.

आता गाडीबद्दल. ३६० मॉडेना १९९९ मध्ये आली. ३.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, म्हणून ३६०. मॉडेना हे इटलीतलं गाव, एन्झो फेरारीचं जन्मस्थान. ताकद ४०० अश्वशक्ती, सांगाडा ॲल्युमिनियमचा, आकार पिनिनफारिनाचा. आणि मुख्य गंमत म्हणजे इंजिन पुढच्या बॉनेटखाली नाही. ते बसणाऱ्याच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या आक्साच्या पुढे, म्हणजे गाडीच्या मधल्या भागात आहे. वरून काच आहे, त्यामुळे बाहेर उभ्या माणसालाही ते दिसतं.

इंजिन मध्ये का? हा प्रश्न मी नववी-दहावीत आपल्या विज्ञानाच्या बाईंना विचारला होता. वर्ग हसला होता, कारण धडा वेगळाच चालू होता. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कावड पाहिली आहेस का? खांद्यावर आडवी काठी, दोन टोकांना दोन घागरी. त्या माणसाला गल्लीत पटकन वळता येतं का? आता त्याच दोन घागरी त्याने पोटाशी धरल्या तर?" वजन तेवढंच, पण टोकांना असलं की फिरवायला जड, मध्याशी असलं की हलकं. संपलं. आज मी हेच उदाहरण माझ्या मुलांना देतो आणि श्रेय बाईंना देतो.

याचा दुसरा फायदा असा की, इंजिनाचा भार मागच्या चाकांवर येतो आणि ताकदही त्याच चाकांना जाते, म्हणून रस्त्यावरची पकड वाढते. पण फुकट काही मिळत नाही. जी गाडी चटकन वळते, ती चटकन गरगरतेही. भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर भार एकदम पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर फेकलं जातं. गेममध्ये आपली गाडी भिंतीवर आपटायची ती यामुळे. तिथे एक बटण दाबलं की गाडी पुन्हा रस्त्यावर उभी राहायची. इथे बसलेल्या ज्यांची मुलं आता बाइक मागताहेत, त्यांनी हे वाक्य घरी नक्की सांगा.

आता दुसऱ्या गाडीकडे येतो. माझे बाबा काळीपिवळी टॅक्सी चालवायचे, हे आपल्यातल्या जुन्या मित्रांना माहीत आहे. प्रीमियर पद्मिनी. पण मुंबईत तिला पद्मिनी कोण म्हणायचं? सगळे म्हणायचे 'फियाट'. आणि ते खरंच होतं. इटलीच्या फियाटची ११०० डिलाइट ही गाडी वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला बनवायला घेतली. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. तो कारखाना कुठे? आपल्याच लाल बहादूर शास्त्री मार्गावर. मुलुंडहून निघालात तर भांडुप, विक्रोळी, घाटकोपर सोडून पुढे. पुढे फियाटने स्वतः कुर्ल्यात पालिओ बनवली आणि सचिन तिच्या जाहिरातीत आला. म्हणजे बघा, फेरारीची मोठी मालकी त्या काळी फियाटकडे होती, टॅक्सीचा नकाशा फियाटचा होता आणि सचिनला गाडी देणारी कंपनीही तीच. बाबांना मी हे समजावलं, तेव्हा त्यांनी स्टँडवर आठवडाभर सांगितलं, "सचिनची आणि माझी गाडी एकाच घरातली." १०८९ सीसीचं इंजिन, ताकद फेरारीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पण घर एकच.

मग २००३ मध्ये वाद झाला, तो आठवतो? गाडी भारतात आणायची तर सीमाशुल्क होतं एक कोटीच्या वर. सरकारने ते माफ केलं आणि देशभर चर्चा सुरू झाली. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. अकरावीचे प्रवेश घेत असलेले आपण मात्र सगळे एका बाजूला. सचिनसाठी काय नको? आमच्या घरी बाबा एकटे दुसऱ्या बाजूला. सचिनवर त्यांचा माझ्याहून जास्त जीव, पण त्यांनी परमिट, पासिंग, रोड टॅक्स, सगळं वेळेवर भरलेलं. पावत्यांची पिशवी खुंटीला टांगलेली असायची. ते म्हणाले, "बक्षीस त्याला मिळालंच पाहिजे. कर मात्र भरला गेला पाहिजे. देणाऱ्याने भरावा." शेवटी नेमकं तेच झालं. शुल्क फियाटने भरलं. मला त्या दिवशी बाबांचा फार अभिमान वाटला, आणि सचिनबद्दलचं प्रेम तसूभरही कमी झालं नाही. एखाद्यावर जीव टाकायचा आणि तरी हिशेब सरळ ठेवायचा, हे दोन्ही एकाच माणसाला जमतं, हे मी तेव्हा घरात पाहिलं.

पुढची गोष्ट थोडक्यात. २०११ मध्ये सचिनने ती फेरारी विकली, ती सुरतला गेली. २०१२ मध्ये राजेश मापुसकर यांचा 'फेरारी की सवारी' आला. मुलाच्या क्रिकेटसाठी सचिनची फेरारी घेऊन जाणाऱ्या आरटीओतल्या एका कारकुनाची, एका बापाची गोष्ट. बाबांना मी तो दाखवला. ते मध्यंतरात काही बोलले नाहीत, नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

पद्मिनीचंही असंच झालं. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली, आपल्या दहावीच्याच वर्षी. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून ती अधिकृतपणे गेली. बाबांची गाडी त्याच्या बरीच आधी भंगारात गेली होती. लोखंडी मीटर तेवढा त्यांनी काढून ठेवला, तो आमच्या शोकेसमध्ये आहे. पेपरातली ती बातमी वाचून ते म्हणाले, "फेरारी तरी कुठे राहिली? गाडी जायचीच. चालवायला शिकवलेलं राहतं."

मित्रहो, माझं मागणं याच वाक्यातून येतं. माझ्याकडे आयटीआयला येणारी बरीच मुलं 'अभ्यासात कच्ची' असा शिक्का घेऊन येतात. त्यांना गेममधल्या प्रत्येक गाडीचा टॉप स्पीड पाठ असतो, पण त्यामागचं विज्ञान आपल्याला कळण्यासारखं आहे, असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मला सांगणाऱ्या बाई भेटल्या, म्हणून मी आज इथे उभा आहे. तेव्हा मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर चर्चा चालली आहे, त्यात माझी एक सूचना आहे. प्रयोगशाळेत एक जुनं चारचाकीचं इंजिन ठेवू या, कापून आतले भाग दिसतील असं. ते मिळवणं, कापणं, रंगवणं माझ्याकडे लागलं. महिन्यातल्या एका शनिवारी मी स्वतः येऊन आठवी-नववीच्या मुलामुलींना ते शिकवीन. मानधन नको, फक्त किल्ली वेळेवर मिळावी.

मुलांनी धडा सोडून भलताच प्रश्न विचारला तर शिक्षकांनी रागावू नये, एवढी विनंती करतो आणि थांबतो.