साठ शॉट



मला संयोजकांनी सांगितलं होतं, ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयबद्दल दहा मिनिटं बोल.’ एआयमुळे कोणाची नोकरी जाणार ते जेवताना विचारा; मलाही नीट ठाऊक नाही. मी बोलणार आहे पिस्तुलाबद्दल. मागच्या बाकांवरून हसू आलं ते ऐकलं मी. तुमची शंका रास्त आहे. खो-खोच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून ग्रंथालयात जाऊन बसायची, तीच ही.

आज सांगून टाकते सर, पोटात कधीच दुखत नव्हतं. ज्यात पहिला नंबर येणार नाही त्यात उतरायचंच नाही, असं माझं ठरलेलं होतं. आठवीत शंभर मीटरला सहावी आले, त्यानंतर मैदानाकडे फिरकले नाही. नववीत एनसीसीच्या मुली कॅम्पमध्ये .२२ रायफलच्या पाच-पाच गोळ्या झाडून आल्या आणि आठवडाभर दुसरं काही बोलेनात. मला हेवा वाटला होता. पण तोंडाने म्हणाले, ‘अभ्यास बुडतो.’ पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, संसार, सगळीकडे जे येतं तेच करत राहिले.

दोन वर्षांपूर्वी मुलीला उन्हाळी सुट्टीत नेमबाजीच्या क्लबात घातलं. तीन महिन्यांची फी आधीच भरून घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात कन्यारत्न म्हणालं, ‘बोअर होतं.’ पैसे परत मिळणार नव्हते. प्रशिक्षक म्हणाले, ‘मग मॅडम, तुम्ही या.’ वय त्रेचाळीस. माझ्या डावीकडे सातवीतला मुलगा, उजवीकडे आठवीतली मुलगी.

पहिले दहा दिवस मला छर्रा मिळालाच नाही. रिकामं पिस्तूल धरायचं, उचलायचं, खाली ठेवायचं. पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः पाहिलं असलं तरी ते भरलेलंच समजायचं. नळी कायम टार्गेटच्या दिशेला. झाडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. काम झालं की नळीत रंगीत प्लॅस्टिकची दोरी सरकवून ठेवायची, म्हणजे लांबूनही दिसतं की आत काही नाही. कोणाशी बोलायला वळताना हातातलं पिस्तूलही वळलं, तर तिथला बारा वर्षांचा पोरगासुद्धा तुम्हाला ओरडतो, आणि त्याने ओरडायलाच हवं.

आमचा प्रकार दहा मीटर एअर पिस्तूल. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, दाबलेल्या हवेवर सुटणारा. एका हाताने धरायचं, दुसरा हात खिशात. समोर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तूल किलोभर वजनाचं, आणि हात हलतो. सगळ्यांचाच हलतो. मला वाटलं होतं, सरावाने तो थांबेल. तो थांबत नाही, कमी होतो एवढंच. मी काय करायची, तर पुढची माशी बरोबर मध्यावर आली की ‘आत्ता!’ म्हणून ट्रिगर ओढायची. शॉट सहात. पुन्हा ‘आत्ता!’ पुन्हा सहात.

मग एका रात्री कागद घेऊन बसले. पिस्तुलाची मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात साधारण तेहतीस सेंटिमीटर अंतर. खाचेच्या संदर्भात माशी एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर शॉट तीस मिलिमीटर सरकतो आणि सातात जातो. पण खाच आणि माशी एका रेषेत ठेवून अख्खा हात सेंटिमीटरभर हलला, तर शॉटही सेंटिमीटरभरच हलतो. नऊ मिळतात. म्हणजे माझं नुकसान हात हलण्याने होत नव्हतं. तो न हलावा म्हणून मी जो झटका द्यायचे, त्याने होत होतं. प्रशिक्षक हे महिनाभर सांगत होते, ‘माशी बघा, टार्गेट विसरा, हलू दे हात.’ इंजिनिअर माणसाला गणित केल्याशिवाय पटत नाही, त्याला काय करणार.

माशी बघा म्हणणं सोपं आहे, पण चाळिशीतल्या डोळ्यांना माशी दिसायला हवी ना! माझा प्रोग्रेसिव्ह चष्मा तिथे कुचकामी ठरला. मान जराशी कलली की माशी गायब. नेत्रतज्ज्ञांना म्हटलं, ‘हाताच्या अंतरावरचं स्वच्छ दिसेल आणि दहा मीटरवरचं अंधूक, असा चष्मा द्या.’ त्यांनी दोनदा विचारलं, अंधूक हवंय? लांबच्या नंबरात थोडी भर घालून त्यांनी एकच नंबराची काच दिली. चाळिशीनंतर हा खेळ सुरू करणाऱ्यांनी बुटांआधी चष्म्याचं बघावं.

चार महिन्यांनी स्थानिक स्पर्धेचा फॉर्म भरला. भरला म्हणजे प्रशिक्षकांनी भरायला लावला. क्लबातल्या एका मुलाचं जुनं पिस्तूल मी घेतलं होतं. नवं परदेशी घ्यायचं तर लाखाच्या पुढे जातं, आणि सुरुवातीला त्याची काही गरजही नसते. जुनं घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख तेवढी बघा, मुदत संपलेली चालत नाही. स्पर्धेच्या सकाळी पिस्तूल तपासतात. ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून पिस्तूल वर उचलायचं. वजन जमिनीवरून सुटण्याआधी ट्रिगर सुटला तर नापास. माझा सुटला. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या परीक्षेत नापास झाले, तीही पिस्तूल न झाडता. दुसऱ्याच क्लबाचे एक प्रशिक्षक शेजारी उभे होते. त्यांनी खिशातून ॲलन की काढली, स्क्रू पाव फेरा फिरवला आणि म्हणाले, ‘आता न्या.’ पास. मी आभार मानेपर्यंत ते आपल्या मुलांकडे निघून गेले होते.

तयारी आणि सरावाच्या शॉटसाठी पंधरा मिनिटं, मग पंच्याहत्तर मिनिटांत साठ शॉट. क्लबात आम्ही कागदी टार्गेटवर खेळायचो. कागद दोरीने जवळ ओढून बघायचा. इथे इलेक्ट्रॉनिक टार्गेट होती आणि प्रत्येक शॉटनंतर शेजारच्या पडद्यावर आकडा. दहा-दहा शॉटची एक सीरिज. पहिली ८६, दुसरी ८९, तिसरी ८७. सरावातही मला कधी एवढे पडले नव्हते. आणि मग माझ्यातली जुनी हुशार मुलगी जागी झाली. २६२ झाले, म्हणजे याच वेगाने ५२४. शेवटच्या सीरिजमध्ये थोडं खेचलं तर ५३०. गेल्या वर्षीचा निकाल मी आदल्या रात्री पाठ करून आले होते, त्यामुळे ५३० ला कितवा नंबर येईल हेही डोक्यात मांडून झालं. हे सगळं हात वर असताना. शॉट सुटला. माझ्या पडद्यावर काहीच आलं नाही.

उजवीकडच्या लेनवरच्या मुलीने शांतपणे हात वर केला आणि पंचांना सांगितलं, माझ्या टार्गेटवर एक शॉट जास्त आलाय.

तो माझा होता. मी दुसऱ्याच्या टार्गेटवर नेम धरला होता. नियमाप्रमाणे मला शून्य. चौथी सीरिज ७८. कान तापले होते, हात ओले. पाचवी ७४. मी पंचांना विचारलं, पडदा रुमालाने झाकू का? म्हणाले, झाकता येत नाही, बघू नका. खाली बसले, पाणी प्यायले. दहा शॉट उरले होते आणि वेळ भरपूर होता. मनात आलं, पाठ दुखतेय म्हणून सांगावं आणि निघावं. सर, ग्रंथालयाची वाट अजून पाठ आहे!

उठले आणि दहा शॉट मारले. पडद्याकडे पाठ करता येत नाही, पण मान वळवायची नाही एवढं जमलं. ८४. एकूण ४९८. चौतीस जणींत एकतिसावी. ती शेजारची मुलगी ५६० च्या पुढे होती. आवरताना तिला सॉरी म्हटलं, तर म्हणाली, ‘काकू, माझा पण एकदा गेला होता.’

घरी येताना गाडी बाजूला घेऊन थोडं रडले. घरी लेकीने विचारलं, ‘एकतिसावा म्हणजे वरून की खालून?’ तिला वाटलं मी चिडेन. मी पुढच्या स्पर्धेचा फॉर्म शोधत होते. त्यानंतर पाच स्पर्धा झाल्या. सर्वोत्तम ५४१. नंबर अजून पहिल्या दहात नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते मी तेव्हा टीव्हीवर चहा पीत पाहिलं होतं. आता ती चित्रफीत लावते तेव्हा तिचा चेहरा बघत नाही, तिचं मनगट बघते.

तर कोणाला यायचं असेल तर ऐका. आम्ही वापरतो त्या ताकदीच्या .१७७ एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही; .२२ ला लागतो, त्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. सुरुवातीला क्लबचं पिस्तूल मिळतं. घरी सराव करायचा तर पिस्तूल रिकामं करून, कोऱ्या भिंतीकडे, घरच्यांना सांगून. मी न सांगता केला आणि सासूबाई देवघरातून बाहेर आल्या, तो प्रसंग पुन्हा केव्हातरी. आम्ही रविवारी सकाळी सातला जमतो. सपाट तळव्याचे बंद बूट घाला, जवळचा-लांबचा दोन्ही चष्मे आणा. छर्ऱ्यांचा डबा आपापला.