पू झालेला गुडघा आणि दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुडघेदुखीविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. हे दुखणे ज्या घरात नाही असे घर आपल्या ज्ञातीत विरळाच. परंतु त्याचे पुराण आज आम्ही लावणार नाही. झिजलेल्या किंवा संधिवाताने जर्जर झालेल्या गुडघ्यात जंतू शिरून पू झाला तर काय करावे लागते, एवढाच विषय आम्ही घेतला आहे.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. तीत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून एकदा नासलेली कूर्चा पुन्हा धड होत नाही; आणि पू तर ती काही दिवसांतच खाऊ लागतो. मधुमेही, आमवाताचे रुग्ण व स्टिरॉइड घेणारे यांना हा धोका अधिक. त्यांना कित्येकदा ताप येतच नाही, आणि घरची मंडळी ‘नेहमीचाच वात उसळला’ म्हणून तेल चोळीत बसतात! एकच गुडघा एकाएकी सुजला, तापला, पाय टेकवेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे सुईने सांध्यातील पाणी काढून तपासतात. रुग्ण अत्यवस्थ नसेल तर हे पाणी प्रतिजैविक औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वीच काढलेले बरे. एरवी जंतूची ओळख पटणे कठीण होते.

औषधाबरोबर सांधा धुणे आलेच. पूर्वी त्यासाठी गुडघा उघडावा लागे. आता बहुधा दुर्बिणीने भागते. या दुर्बिणीचा उगम जपानातला. 1918 साली टोकियोत केन्जी ताकागी यांनी मूत्राशय पाहण्याची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. क्षयाने आखडलेला गुडघा जमिनीवर बसणाऱ्या जपानी माणसाला फार जाचे. मांडी घालून जेवणाऱ्या आपल्या लोकांना ही अडचण समजावून सांगावयास नको.

परंतु सांधा मुळातच झिजलेला आणि त्यात पुवाने उरलासुरला नासला, तर नुसत्या धुण्याने चालणे सुधारत नाही. अशा वेळी नातेवाईक आम्हांस हटकून विचारतात, “डॉक्टर, कापताच आहात तर नवा सांधा आत्ताच का बसवीत नाही? दोनदा भूल, दोनदा खर्च कशासाठी?” प्रश्न रास्त आहे. निवडक रुग्णांत एकाच वेळी सर्व उरकणारे शस्त्रवैद्यही आहेत. तथापि जंतू धातूला चिकटले की भोवती बुळबुळीत कवच विणतात. त्यात औषध नीट पोहोचत नाही, आणि मग बसविलेला सांधाच उपटून काढावा लागतो. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेत सडलेले अस्तर व हाडांची खराब टोके काढून त्या पोकळीत औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवतात. हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन कालविण्याची युक्ती हँबुर्गचे बुखहोल्ट्झ यांनी 1970 साली प्रसिद्ध केली. सिमेंट घट्ट होताना तापते, तरी हे औषध टिकते आणि सांध्यात हळूहळू पाझरत राहते. जोडीला साधारण सहा आठवडे शिरेतून वा पोटातून औषध चालते. हा काळ घरच्यांची खरी परीक्षा पाहतो. पाय दुखेनासा झाला की औषधाचा कंटाळा येतो, कुणी पाहुणा काढा सुचवतो! जखम कोरडी, रक्ततपासणी समाधानकारक आणि जंतूंचा मागमूस नाही, असे ठरल्यावरच कृत्रिम सांधा बसतो. घरातील लग्नाच्या तिथीप्रमाणे ही तारीख अलीकडे ओढता येत नाही.

काहींच्या बाबतीत हाड, स्नायू वा त्वचा इतकी गेलेली असते की कृत्रिम सांधा टिकणारच नाही. तेथे मांडीचे व नडगीचे हाड एकमेकांस सांधून टाकतात. इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी दोन्ही हाडांत सळ्या घालून, बाहेरून दाब देऊन ती जुळविण्याची रीत 1948 साली मांडली. ही शस्त्रक्रिया म्हणजे पराभव असे पुष्कळांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. पाय थोडा आखूड होतो व कायमचा ताठ राहतो, गाडीत कडेची जागा धरावी लागते. परंतु त्या पायावर भार देऊन मनुष्य वेदनेवाचून बाजारापर्यंत जाऊन येतो.