माठ, हापसा आणि जार

(‘दैनंदिन सवयी, नवे तंत्रज्ञान आणि आरोग्य’ या विषयावर कुंभार पिंपळगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



दैनंदिन सवयी आणि नवे तंत्रज्ञान हा विषय भ्रमणध्वनीपासून धुलाई यंत्रापर्यंत कितीही वाढवता येईल. परंतु लहानथोरांचा हात दिवसातून आठ-दहा वेळा ज्या वस्तूकडे जातो, ती वस्तू म्हणजे पिण्याच्या पाण्याचे भांडे. ज्या गावाच्या नावातच कुंभार आहे, तेथे या भांड्यापासून आरंभ करणे उचित ठरेल. शिवाय हा घनसावंगी तालुका आहे. दक्षिणेला गोदावरी आहे आणि याच तालुक्यातील जांब ही समर्थ रामदासांची जन्मभूमी आहे. समर्थांनी दासबोधाच्या सोळाव्या दशकात पाण्याला एक स्वतंत्र समास दिला. पाणी हा विषय त्यांना परमार्थाच्या ग्रंथात घ्यावासा वाटला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत मराठवाड्याच्या घरात पाण्याची तीन साधने एकामागून एक आली. आधी आडाचे पाणी आणि माठ होता, मग हापसा आला आणि आता वीस लिटरचा जार आला आहे. प्रत्येक वेळी सोय वाढली. मात्र प्रत्येक वेळी एखादी जुनी सवय नकळत सुटली. सोयीचे स्वागत करावेच. पण सुटलेल्या सवयींपैकी कोणती टाकून देण्याजोगी होती आणि कोणती जपण्याजोगी, याचा हिशेब घराघरांत मांडला गेला पाहिजे.

माठाचे शास्त्र आणि माठाची मर्यादा

माठ पाणी गार कसे करतो? भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरून बाहेरच्या पृष्ठभागावर येते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते आतल्या पाण्यातून घेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. बाहेरून उष्णता आत आली नाही असे धरले, तर दहा लिटर पाण्यातील अवघे शंभर मिलिलिटर पाणी उडून गेल्यास उरलेले पाणी जवळपास सहा अंशांनी गार होते. वीज नाही, यंत्र नाही, देखभालीचा खर्च नाही. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ उत्तम चालतो आणि दमट पावसाळ्यात मंदावतो, याचेही कारण हेच.

पण जुन्याचा अभिमान बाळगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. माठ पाणी गार करतो. जंतू मारत नाही. गढूळ पाणी निवळीच्या बीने स्वच्छ करण्याचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे. तुरटी फिरवण्याची रीत घरोघरी होती. या उपायांनी गाळ तळाशी बसतो, त्याबरोबर काही जंतूही खाली जातात. परंतु पाणी निर्धोक झाले असे म्हणता येत नाही. कॉलरा आणि हगवणीच्या साथी ज्या काळात गावेच्या गावे हवालदिल करीत, त्या काळीही घरात माठ होताच. तेव्हा ‘पूर्वीचे सगळे आरोग्यदायी होते’ हे म्हणणे सोपे असले तरी खरे नाही.

जालन्याच्या नावाचा पंप

१९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. आड आटले, बारवा कोरड्या पडल्या. मराठवाड्याच्या भूमीखाली काळा बेसाल्ट खडक आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि सांध्यांत साठते. हा खडक वेगाने भेदणारी यंत्रे आली आणि ‘बोअर’ हा शब्द मराठी झाला. मात्र भोक पाडणे एक आणि त्यातून रोज पाणी काढणे दुसरे. त्या वेळचे ओतीव लोखंडाचे हातपंप विदेशी घरगुती पंपांच्या धर्तीवर बनलेले होते. एका कुटुंबासाठी आखलेल्या त्या पंपावर सगळे गाव तुटून पडे आणि थोड्याच दिवसांत दांडा निखळून पडे.

या अडचणीवरचा पहिला मोठा तोडगा जालन्यात निघाला. १९६० च्या दशकात जालन्याच्या मिशनमधील विहीर-खोदाईचे काम करणाऱ्यांनी पोलादी जोडकामाचा, एकाच सांध्यावर फिरणाऱ्या दांड्याचा मजबूत पंप तयार केला. तो ‘जालना पंप’ म्हणून ओळखला गेला. पुढे सोलापुरात त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या आणि ‘सोलापूर पंप’ आला. त्याच आधारावर १९७० च्या दशकात भारतीय अभियंते, शासन आणि युनिसेफ यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप साकारला. त्याचा आराखडा कोणाच्या मालकीत न ठेवता सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला. आज आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देशांत लाखो लोक या पंपाचे पाणी पितात. ज्याला आपल्याकडे साधा ‘हापसा’ म्हणतात, त्याच्या वंशावळीत या जिल्ह्याचे नाव आहे, हे येथील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असले पाहिजे.

हापशाने काय दिले? रहाटावर पाणी शेंदण्याचे आणि बारवेच्या पायऱ्या भरल्या हंड्यानिशी चढण्याचे स्त्रियांचे कष्ट हलके झाले. झाकलेल्या, खोल स्रोताचे पाणी मिळू लागले. याचा आरोग्यावर जो परिणाम झाला, त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नारू.

नारू गेला, तो कसा?

आजच्या तरुणांना नारू हा शब्दच माहीत नसेल. ही एका मोठ्या विजयाची खूण आहे. नारूची अळी असलेला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक जलजीव पाण्याबरोबर पोटात जाई. सुमारे वर्षभराने जवळजवळ एक मीटर लांबीची कृमी बहुधा पायावर फोड करून बाहेर येऊ लागे. आग शमवण्यासाठी रोगी पाण्यात पाय बुडवी. पायऱ्यांच्या विहिरीत हे घडले की कृमी हजारो अळ्या त्या पाण्यात सोडी आणि तेच पाणी गाव पीत असे. ऐन पेरणीच्या दिवसांत माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे. या रोगावर लस नव्हती, कृमी मारणारे औषध नव्हते, आजही नाही.

१९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशातील सात राज्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण होते. महाराष्ट्र त्या सात राज्यांपैकी एक. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

लस नाही, औषध नाही, तरी रोग गेला. कशाने? हापसे आणि नळ आले, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा त्यांना कठडे घातले, पाण्यात औषध टाकले. हा झाला तंत्राचा भाग. पण जेथे हापसा नव्हता तेथे गृहिणीने पाणी दुहेरी कापडाने गाळले आणि रुग्णाने पाण्यात पाय घालायचे नाही हा नियम पाळला. आरोग्य कर्मचाऱ्यांनी दारोदार जाऊन हे सांगितले आणि लोकांनी ते ऐकले. तंत्र आणि सवय या दोन चाकांवर तो गाडा चालला. नुसता हापसा पुरला नसता; नुसते फडकेही पुरले नसते.

जारचे पाणी

आता तिसरे साधन. गावोगावी निळ्या-पांढऱ्या जारांनी भरलेला टेम्पो फिरतो. लग्न असो की बारसे, जार आलाच. अनेक घरांत तर रोजचे पिण्याचे पाणी त्यातूनच येते. दूरवरून हंडे आणण्यापेक्षा दारात पाणी मिळणे ही सोय आहे आणि ज्या गावातील बोअरच्या पाण्यात क्षार फार आहेत, तेथे ती गरजही आहे.

जारचे पाणी ज्या यंत्रातून येते त्यात अतिशय बारीक पडद्यातून दाबाने पाणी ढकलतात. क्षार मागे राहतात, गोड पाणी पुढे जाते. नायट्रेट किंवा फ्लोराईड जास्त असलेल्या पाण्यासाठी हे तंत्र खरोखर उपयोगी आहे, कारण हे घटक गाळून वा उकळून जात नाहीत. उलट उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. शेतातील रासायनिक खत आणि गोठ्याजवळचा उकिरडा, दोन्ही ते वाढवतात आणि सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरच्या दुधात मिसळलेले असे पाणी धोक्याचे ठरू शकते. त्या वयात केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही नको, हा वैद्यकाचा सल्ला येथे दुहेरी मोलाचा आहे.

परंतु या तंत्राच्या तीन गोष्टी विक्रेता सहसा सांगत नाही.

पहिली म्हणजे, क्षारांचा आकडा हा शुद्धतेचा आकडा नव्हे. भारतीय मानकात विद्राव्य क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. खिशातील छोट्या यंत्रावर दिसणारा आकडा क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. पावसाच्या डबक्यातील पाण्याचाही आकडा कमीच येतो! दोन लोखंडी कांड्या पाण्यात बुडवून वीज सोडली की पाणी तपकिरी होते आणि ‘पाहा, तुमच्या पाण्यात किती घाण आहे’ असे सांगितले जाते. ती घाण म्हणजे त्या कांड्यांचेच विरघळलेले लोखंड असते. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. एवढाच तो चमत्कार.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ग्रामपंचायत पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकते, तेव्हा थोडा क्लोरीन पाण्यात उरतो आणि नळापासून घोटापर्यंत राखण करतो. मानकानुसार तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. अनेकांना त्याचा वास नको असतो. शुद्धीकरण यंत्रातील कोळशाचा थर नेमका हा क्लोरीन काढून टाकतो. म्हणजे जारमधील पाणी स्वच्छ निघाले तरी त्याला राखणदार उरत नाही. जार आतून घासलेला नसेल, भरणाऱ्याचे हात अस्वच्छ असतील, तोटीला मुलांची बोटे लागली असतील, तर जंतूंना अटकाव करणारे काही नसते. सीलबंद बाटलीवर उत्पादकाचे नाव, तारीख, परवाना क्रमांक असतो. नुसते झाकण लावून दिलेल्या जारवर यांपैकी बहुधा काहीच नसते.

तिसरी गोष्ट, प्रत्येक लिटर गोड पाण्यामागे बरेच क्षारयुक्त पाणी वाया जाते. घरगुती यंत्रात तर ते मिळालेल्या पाण्याहून अधिक असते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हे पाणी गटारात सोडणे परवडणारे नाही. धुण्या-पुसण्यासाठी ते वापरता येते. तेवढी नळी जोडण्याचा विचार हवा.

घराने काय करावे?

नारूच्या लढ्यात गृहिणीला फडके दाखवले की तिला काय करायचे ते कळे. आज धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी लागेल. जार आतून किती दिवसांनी धुतला जातो? पाणी कोठून भरले? त्याची तपासणी झाली का? जो विक्रेता प्रामाणिक आहे, त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही.

गावासाठी सोयी उपलब्ध आहेत. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे ग्रामसभेत विचारणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. तपासणीची छोटी बाटली पाण्याने भरून ठेवावी. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर ते दूषित समजावे, इतकी एक चाचणी सोपी आहे. महिला मंडळाने ही बाटली नळाच्या पाण्यासाठी वापरावी, तशीच जारच्या पाण्यासाठीही वापरावी.

घरातील नियम तर जुनेच आहेत. पिण्याच्या पाण्यात पेला बुडवायचा नाही; लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी वापरायची. भांडे झाकलेले असावे. माठ असो की जार, ठरल्या दिवशी आतून घासावा, माठ उन्हात वाळवावा. साथीच्या दिवसांत पाणी उकळून प्यावे. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत. यांपैकी कशालाही वीज लागत नाही.

माठ आणि जार हे एकमेकांचे वैरी नाहीत, हेही लक्षात घ्यावे. तपासलेले पाणी स्वच्छ माठात भरावे. पाणी यंत्राने शुद्ध केलेले आणि गारवा मातीचा, ही जोडी शीतकपाटाच्या विजेचा भार हलका करील आणि चाकावर बसणाऱ्या हातांनाही काम देईल.

पूर्वी पाणी भरणारी स्त्री आडाचा तळ पाहत असे, पाण्याचा रंग आणि वास ओळखत असे. आज पाणी दाराशी येते, म्हणून ते पाहणे थांबले. टेम्पोवाला पाणी आणून देईल. ते पारखण्याचे काम मात्र घरालाच करायचे आहे. ज्या जिल्ह्याने देशाला हापशाची वाट दाखवली, त्या जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावने येत्या ग्रामसभेत पाण्याचा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा आणि पाच भगिनींच्या हाती तपासणीची बाटली द्यावी. आरंभासाठी एवढे पुरेसे आहे.